बेटावरच्या बावीस मोळ्या

मायला मी लबाड बोलून निघाले होते. शाळेचं ट्रेनिंग आहे, आठ दिवसांचं, लांब अंदमानला, असं सांगितलं. तिनं ते वडवणीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत मिरवलं. पाठीवर सॅक अडकवून मी स्टँडकडे निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी ट्रेनिंगला जाणारी लेक म्हणून शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मला तोंड कुठं लपवावं ते कळेना. वय चौतीस, दिंद्रुडच्या शाळेत मास्तरीण, आणि फिरायला जातेय एवढं आईला सांगायची छाती नाही.

पण आमच्या घरात गाव सोडायचं ते कामासाठीच. दसरा झाला की माय-बाप मला घेऊन ऊसतोडीला निघायचे ते उन्हाळा लागताच परत. बाप गेल्यावर मायनं गुडघे साथ देईपर्यंत मामा-मामीच्या टोळीत काम केलं. कुणी कुठं निघालं की तिचा एकच प्रश्न असतो, तिथं काम काय आहे. त्याला 'समुद्र बघायचाय' हे उत्तर चाललं नसतं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

बेट लहानसं होतं. नारळाच्या बागेत चार खोल्या आणि मालक एक म्हातारा बंगाली. शेजारच्या खोल्यांत आणखी दोघं माझ्यासारखीच एकेकटी आलेली. एक कोलकात्याची निवृत्त नर्स, दुसरा कोचीचा मोटारसायकल मेकॅनिक, जो वर्षातून पंधरा दिवस गॅरेजला कुलूप लावून कुठंतरी जायचा. पहिल्याच संध्याकाळी माझ्या बीडच्या हिंदीत मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. नर्सबाईंनी टेबलाभोवती बोट फिरवून हिशेब केला, म्हणजे इथं दीड कोयता जेवतोय. चटणी त्यांनीच संपवली.

त्या दोघांना बसता यायचं, याचं मला भारी आश्चर्य. नर्सबाई हातात पुस्तक नाही, फोन नाही, नुसत्या समुद्राकडे तोंड करून दोन-दोन तास बसत. मी दहा मिनिटांत उठायची. धुतलेले कपडे पुन्हा धुतले, सॅक तीनदा लावली, खोलीतलं जाळं काढलं. मेकॅनिकनं मला विचारलं की तुम्ही इथं तपासणीला आलात का. मी हसले, पण ते लागलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला जाग आली. लहानपणी उसाच्या फडाच्या वेळेला लागलेली ही सवय काही जात नाही. अंदमानात उजाडतंही लवकर. बाहेर अंधुक उजेडात बागेच्या मागच्या बाजूला नारळाच्या झावळ्या अस्ताव्यस्त पसरलेल्या दिसल्या. मला राहवेना. झावळ्या गोळा केल्या, पातीला पीळ देऊन तिचाच बंद केला आणि उसाची मोळी बांधतात तशा मोळ्या बांधत सुटले. तीन दिवसांत पहिल्यांदा जिवाला बरं वाटत होतं. बावीस मोळ्या भिंतीला ओळीनं उभ्या केल्या आणि कौतुकाची वाट बघत चहा घेत बसले.

मालक आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. मग बंगालीत बराच वेळ बोलला. नर्सबाईंनी त्यातलं अर्धंच मला हिंदीत सांगितलं. झावळ्या पडलेल्या नव्हत्या, त्यानं अंथरल्या होत्या. खाली महिन्याभरापूर्वी लावलेली वीतभर उंचीची सुपारीची रोपं होती आणि त्यांना उन्हाचा आडोसा हवा होता. ऊन तर कधीच चढलं होतं. रोपांनी माना टाकल्या होत्या. मी शेतात राबणाऱ्यांच्या घरची, आणि मला वाफा कळला नाही. लाजेनं मला रडूच आलं.

मग आम्ही चौघांनी मोळ्या सोडायला घेतल्या. इंजिनं खोलणाऱ्या मेकॅनिकला माझी एक गाठ सुटेना. नर्सबाई डब्यानं पाणी घालत होत्या. त्यांनी सहज विचारलं की सुट्टीवर येऊन एवढी घाई कसली. मी त्यांना सगळं सांगितलं, ट्रेनिंगची थाप धरून. त्या म्हणाल्या, तुझ्या आईनं कधी सुट्टी घेतली होती? मी झावळी अंथरता अंथरता आठवत राहिले. आजारपण आठवलं, बाळंतपणं आठवली, बापाचा दहावा आठवला. सुट्टी आठवली नाही.

संध्याकाळपर्यंत रोपं सावरली. दोन गेली, ती मालकानं मला दाखवूनच उपटली.

फोनला रेंज फक्त जेटीवर होती. तिथं जाऊन मी मायला फोन लावला. तिनं आधी जेवण झालं का विचारलं, मग ट्रेनिंग कसं आहे ते.

"ट्रेनिंग न्हाई माय. मी लबाड बोलले. फिराय आलेय."

पलीकडे तिनं आधी ओरडणाऱ्या शेळीला हाकललेलं ऐकू आलं.

"मंग तितं काय करायलीस?"

"काई न्हाई. समुद्रापुढं बसायचं."

आता शिव्या पडणार म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला. ती एकटीच आहेस का म्हणाली. मी म्हटलं, दोघं आहेत सोबत, चांगली आहेत.

"बस मंग," माय म्हणाली. "माझ्या वाटचं बी बस जरा."

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच जाग आली. रात्रीच्या वाऱ्यानं अंगणात या वेळी खरोखरच झावळ्या पडल्या होत्या. मी त्या ओलांडून खुर्ची घेऊन समुद्रापुढं गेले. दोघींच्या वाटचं बसायचं होतं, त्यामुळे नाश्त्याला उशीर झाला.