खळ्यातली लोखंडी मेढ

आमच्या युद्धविरोधी पत्रकावर बॉम्बचं चित्र नको, असं मी छापखान्यात तावातावानं सांगितलं होतं. शब्द पुरेत! लोक काय बालवाडीत आहेत? कंपोझिटरनं ऐकलं नाही. खाली जागा उरली होती, तिथं त्यानं शेपटीला पाकळ्या असलेला विमानाचा साधा बॉम्ब टाकून दिला.

क्रांती चौकात पत्रकं वाटून मी लासूर स्टेशनजवळ मामाच्या गावी गेलो. उरलेला गठ्ठा पिशवीत होता. मामानं एक कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "भाच्या, ही तर आपली मेढ हाय की."

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. त्याला बांधलेले बैल गोल फिरून कणसं तुडवतात. सगळ्यांची लाकडाची, मामाची लोखंडी. आजोबांनी ती ओढ्यातून बैलांकरवी ओढून आणलेली. पोलीस ॲक्शनच्या वेळी विमानातून पडली, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, सरावात टाकलेली. गंजून एकच पाकळी उरली होती, दोर तिथं छान अडकायचा. दरसाल मळणीआधी तिला हळदकुंकू लावायचं आणि वरून घण घालून पक्की बसवायची. लहानपणी मीही तिला टेकून हुरडा खाल्लेला.

दुसऱ्या सकाळी ज्वारीची मळणी व्हायची होती. ती थांबव म्हणत मी सुरू झालो: साम्राज्यवाद, शस्त्रांचे सौदागर, निरपराध जनता. मामा तंबाखू चोळत राहिला. "लई मोठं बोलतोस. इतकी वर्षं काय झालं नाय, उद्याच काय होतंय?"

चुलीपाशी बसलेली मामी म्हणाली, "भाषण ऱ्हाऊ दे. कागदात काय लिवलंय ते वाच."

मी वाचलं. "या बॉम्बला डोळे नसतात. वरून सोडला की पडतो. खाली शाळा आहे की गोठा, त्याला कळत नाही. न फुटलेला बॉम्ब मेलेला नसतो."

"आवं, किती घण घातले तुमी त्याच्यावर!" मामी म्हणाली. ती उठली, खळ्याकडचे बैल सोडले आणि लांबच्या रानात नेऊन बांधले. तालुक्याला वर्दी द्यायला मामानं मला सायकल काढून दिली.

लष्कराची माणसं आली. सगळ्यांना दूर नेऊन त्यांनी तो जागेवरच फोडला. खळ्याच्या जागी खड्डा राहिला. जगभरच्या बॉम्बांवर मी चिडत होतो, आणि ज्याला पाठ टेकून बसलो त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

पुढच्या हंगामात मामानं बाजूला नवं खळं केलं, बाभळीची मेढ रोवली. घण उचलला, थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काय भाच्या, मारू? का आधी कागद वाचतोस?"