तांब्याच्या पत्र्यावरची वालबुर्गा

नवऱ्याचं चित्र निघणार म्हटल्यावर वालबुर्गानं आपलं डोक्याचं फडकं पांढरंशुभ्र धुऊन ठेवलं. असं फडकं न्यूर्नबर्गात लग्नाची बाईच बांधायची.

एंड्रेस मूळचा जोडे शिवणारा. पण अंगात रग फार, म्हणून बादशहाच्या भाडोत्री फौजेत भाला घेऊन गेला आणि इटलीच्या मोहिमेतून लंगडत परतला. वालबुर्गा सगळा वेळ त्याच्या मागून चालली होती, पाठीवर बोचकं, हातात हंडा. पाद्र्यासमोर लग्न झालं होतं, तरी फौजेमागं फिरलेली बाई म्हटलं की गल्लीतल्या बायका नाकं मुरडायच्या. ते तिला फार लागायचं. चित्रात फडकं बांधून नवऱ्याशेजारी उभं राहिलं, की सगळ्यांना एकदाचं दिसेल, एवढीच तिची आशा.

चित्र कोरणारा लीनहार्ट बरा माणूस, पण धंदेवाईक. एंड्रेसला उंबऱ्याच्या आत न घेणारे बडे व्यापारी असल्या शिपायांची चित्रं मात्र हौसेनं विकत घ्यायचे. शिपायासोबत बाई दिसली की गिऱ्हाइकाच्या मनात भलतंच येतं, तेव्हा चित्रात शिपाई एकटाच, असं लीनहार्ट म्हणाला. एंड्रेसनं मान डोलावली. वालबुर्गाला राग आला तो त्या डोलावण्याचा.

तरी तिनं त्याच्या फुगीर बाह्या नीट केल्या. शिपायांच्या रिवाजाप्रमाणे त्यांवर पाडलेली प्रत्येक चीर तिच्याच कात्रीची होती. आता तो पुन्हा जोडे शिवणार, आणि कारागिरानं असले भपकेदार कपडे घालायला नगरसभेची मनाई, म्हणजे ते लवकरच उसवायचे होते. हा पठ्ठ्या त्यांत शेवटचा मिरवतोय, हे बघून तिचा जीव तुटत होता.

तांब्याच्या पत्र्यावर नेहमी उलटं कोरतात, म्हणजे शाई लावून छापल्यावर कागदावर सुलटं उमटतं. पण एंड्रेसनं इटलीच्या गप्पा अशा काही रंगवल्या, की लीनहार्ट ऐकता ऐकता दिसेल तसंच कोरत गेला. पहिला कागद निघाला आणि एंड्रेसचं तोंड उतरलं. डावीकडची तलवार कमरेच्या उजव्या बाजूला लटकत होती.

"जुने सोबती हसून लोळतील," तो म्हणाला.

लीनहार्टनं तलवार खरवडली, तांबं घासून गुळगुळीत केलं आणि दुसऱ्या बाजूला नवी कोरली. पण खरवडल्या जागी दर कागदावर करडा डाग यायला लागला. तो झाकायला तिथं दाट रेघांचं काहीतरी हवं होतं. झाड काढू की खडक, असं तो पुटपुटत बसला.

एंड्रेसनं त्या डागावर बोट ठेवलं. मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "हिला उभी करा, मालक. घागऱ्याला लागतील तेवढ्या रेघा मारा. पण डोक्याचं फडकं स्वच्छ दिसलं पाहिजे."

वालबुर्गा हंडा घेऊन उभी राहिली. काम संपेपर्यंत हंडा तिनं खाली ठेवला नाही.

त्यातला एक कागद एंड्रेसनं दुकानात, जोड्यांच्या फळीवर चिकटवला. अंगावर आता साधा तपकिरी सदरा. गिऱ्हाइकानं विचारलं की तो अभिमानानं सांगायचा, "ही माझी बायको. तलवार चुकली म्हणून हिला जागा मिळाली."

एकदा वालबुर्गानं ते आतून ऐकलं. हात पुसत बाहेर आली.

"जागा कसली मिळाली? मी होतेच की तिथं," ती म्हणाली. "तुमची तलवार आड येत होती."