शेततळ्याच्या कडेला कापूर

पाऊस हवा तेव्हा पडत नव्हता आणि डाळिंब फुलावर आलं की नेमका पडत होता. असं काही वर्षं चाललं, म्हणून सरकारी योजनेतून आम्ही शेततळं घेतलं. खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरतात, त्याला आमच्याकडे कागदच म्हणतात. ओढा वाहतो तोवर मोटारीनं तळं भरायचं आणि उन्हाळ्यात ते पाणी ठिबकनं बागेला द्यायचं. पाणी टिकलं तर बाग टिकेल, बाकी काही आधार नव्हता.

तळं निम्मं भरल्यावर थोरल्या जावेनं त्याची ओटी भरली, नव्या विहिरीची भरतात तशी. कागदावर पाय घसरतो, म्हणून मी वरून दोर धरला. तिनं पाण्याच्या कडेला नारळ आणि खण ठेवला, विड्याच्या पानावर कापूर लावला. मग मोटार पुन्हा सुरू केली आणि तळं काठोकाठ भरलं.

थोड्याच दिवसांत पाणी उतरू लागलं. नवरा म्हणाला, ऊन. दीर म्हणाले, कागदच हलका दिलाय. निम्म्यावर येऊन पाणी थांबलं.

"देवीआईनं राखलं की!" जाऊ म्हणाली.

कृषी सहायक मॅडमना मी फोन केला. पोरगेलीशी बाई, स्कूटीवर आली. काठानं एक फेरी मारली आणि म्हणाली, "पाणी जिथं थांबलंय, त्याच रेषेत भोक असणार. कडेला काही केलं होतं का?"

ती दोर धरून खाली उतरली. सुपारीएवढं भोक होतं, कडा वितळून काळ्या झालेल्या.

"मीच कापूर लावला हुता," जाऊ म्हणाली. "पानावर लावला हुता की वो."

"झालं! आता बागेला पळीनं तीर्थ घाला," दीर म्हणाले.

"काका, आमच्या माहितीपत्रकात उंदीर आहेत, खेकडे आहेत, जनावरांचे खूर आहेत. कापूर लिहायचं आम्हालाच सुचलं नाही," मॅडम म्हणाल्या. "उरलेला कागद आहे ना? आणा."

हातभर पाणी बागेला सोडून भोक उघडं केलं, पुसून कोरडं केलं, ठिगळ चिकटवलं. ते नीट बसेपर्यंत दाबून धरायचं होतं. जाऊ कोणाला हात लावू देईना. उन्हात तशीच बसून राहिली. मी तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि दोर धरून उभी राहिले.

ओढ्याला अजून बारीक धार होती. मोटार लावली. तळं काठोकाठ भरलं नाही, पण पाणी ठिगळाच्या बरंच वर चढलं आणि तिथं राहिलं. उन्हाळ्यात टोकाच्या काही ओळी वाळल्या. बाकी बाग वाचली.

आता आसपास नवं तळं झालं की ओटीला जावेला बोलावणं येतं. ती जाते आणि बांधावरच्या दगडाशी ताट घेऊन उभी राहते.

"कापूर हितंच लावायचा. खाली नारळ न्या, खण न्या, पण आग न्यायची न्हाय," ती बायकांना बजावते. "देवीला दिसतंय की वरनं."