फोटोबाहेरचे बाबा

बाबांच्या चौथीच्या वर्गाचा फोटो काढायला तालुक्याहून फोटोवाला आला. पोरं ओळीत उभी राहिली. बाबाही राहिले. मास्तरांनी बोट केलं. “तू बाहेर ये. पोरांच्या चपला राख.”

बाबांच्या स्वतःच्या पायात काही नव्हतं. आजी-आजोबा रस्त्यावर खडी फोडायचे. बाबांची शाळा सातवीत सुटली. मग नागपुरात हमाली. पाठ सोलून निघायची. पण मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इंजिनिअर झाले. आज डब्लिनला, सँट्री भागातल्या ऑफिसात कोड लिहिते.

माझी मुलगी जाते ती शाळा फार जुनी. ग्रामर स्कूल. एका इंग्रज व्यापाऱ्याने इंग्रजांच्याच मुलांसाठी काढलेली. गावातल्या आयरिश कॅथलिक पोरांना दार बंद. आज त्याच घरांतली मुलं तिथे शिकतात. यंदा शाळेने आपला इतिहास हॉलमध्ये मांडला. पहिल्याच फलकावर लिहिलं, कुणाला आत घेतलं नाही ते. मोठ्या अक्षरांत. पालकांनाही सांगितलं, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या शाळेचं काहीतरी आणा.

बाबा उन्हाळ्यात इथे येऊन गेले. चपलांची गोष्ट त्यांनीच नातीला सांगितली. तिने ती इंग्रजीत लिहिली. भिंतीवर लावली.

शेजारीच माझ्या टीम लीडने त्याच्या आजोबांचा फोटो लावला होता. पगडीवाले हेडमास्तर. तो पुण्याचा. त्याचा मुलगा याच शाळेत. त्याने मुलीचा कागद वाचला.

“अगं, हे काय लावलंय? इथे येऊनही आपलीच लक्तरं वेशीवर टांगायची?”

त्याची बायको हसली. “उद्या आमच्या आर्यनला विचारतील, तुझे पणजोबा पण चपला राखायला लावायचे का रे!”

दोघंही हसले. मग तो हळूच म्हणाला, “तुझं वर्क परमिट रिन्यू व्हायचंय ना? पेपर माझ्याकडूनच जातात. काढून टाक ते. आणि चला, गाडीत बसू.”

परमिट कंपनीच्या नावावर. घर, मुलीची शाळा, बाबांची औषधं, सगळं त्याच्या एका सहीला बांधलेलं. आलो होतो तेही त्याच्याच गाडीतून. माझा हात कागदाकडे गेला. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं.

मुलगी म्हणाली, “आई, डोन्ट. इट्स ट्रू.”

हात तिथेच थांबला. गाव वेगळं, देश वेगळा, माणूस वेगळा. आवाज तोच. बाहेर ये.

मी टोक परत दाबलं. अंगठ्याने, घट्ट.

“तुमच्या मुलाला कुणी विचारलं, तर खरं सांगायला शिकवा. हे मी काढणार नाही.”

“नीट विचार कर.”

“केला.”

त्याच्या गाडीत बसलो नाही. मायलेकी बसस्टॉपवर वाऱ्यात उभ्या राहिलो. भीती वाटत होती. अजून वाटते. परमिट आलेलं नाही. दुसरीकडे अर्ज टाकलेत. कुणी पुन्हा काढ म्हणालं, तरी काढणार नाही. त्या शाळेच्या इतिहासात माझ्या बापाचं नाव लागलंय. पूर्ण नाव. आडनावासकट.