उंबरठ्याआत साचलेला गॅस

मी आज जो काही आहे तो माझ्या काकीमुळे. मालवणपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. आईवडील गेल्यावर तिने म्हशींच्या दुधावर मला वाढवलं, शिकवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला.

गोव्यातल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागलो तेव्हा पहिली काळजी तिचीच वाटली. एका तापानंतर तिला वास येणंच बंद झालं होतं. बांगडा ताजा की शिळा, हेसुद्धा शेजारीण हुंगून सांगायची. शेगडी गोबरगॅसवर होती. तो गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर चढतो. म्हणून त्याच गॅसवर वाजणारा डिटेक्टर आणून मी छताखाली वीतभर अंतरावर बसवला.

यंदा काकीच्या गुडघ्यांनी साथ सोडली. तिने म्हशी विकल्या; शेण नाही तर गोबरगॅस नाही, म्हणून सिलिंडरची शेगडी घेतली. म्हशी गेल्याचं मला वाईट वाटेल म्हणून काही कळवलं नाही.

त्या संध्याकाळी मी न सांगता घरी पोचलो. पडवीत पाय ठेवला आणि वास आला. सिलिंडरच्या गॅसचा. तसाच आत धावलो. स्वयंपाकघरात काकी देवांपुढे उभी होती, हातात काड्यापेटी.

"काकी, काडी ओढू नको!"

ती दचकली. "आरडतंस कित्या रे? आणि मेल्या, चपला घालून देवांसमोर इलंस?"

"गॅस गळलोहा! भायर चल!"

"खंय गळलोहा? तुझो डबो आसा मां वर. गळलो असतो तर तो आरडलो नसतो?"

काड्यापेटी तिने खाली ठेवली, पण हात भिंतीकडे गेला. "रव, बल्ब लावतंय. काळोखात काय दिसतला तुका?"

बटणाची ठिणगीसुद्धा पुरेशी होती. मी तिचा हात धरून ओढलाच. तिला अंगणात उभं करून परत आत गेलो, रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं. रबरी नळी उंदराने कुरतडली होती.

आमच्याकडे पावसाचं पाणी नि सापकिरडू आत येऊ नये म्हणून उंबरठे उंच. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. मागचं दार बंद असलेल्या त्या खोलीत तो उंबरठ्याआत पाण्यासारखा साचत होता, आणि वर डिटेक्टरचा हिरवा दिवा निवांत जळत होता. अंगणात आल्यावर मला रडू फुटलं. काकी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी मरूक नाय मां? मगे रडतंस कित्या?"

दुसऱ्या दिवशी नळी बदलली. मालवणातला दुकानदार म्हणाला, "गॅस तो गॅस, खंयचोय डबो चालतलो." मी ऐकलं नाही. सिलिंडरच्या गॅसचा, पाकिटावर तसं स्पष्ट छापलेला डिटेक्टर घेतला. जमिनीपासून वीतभर उंचीवर, मोरी आणि दारापासून लांब, शेगडीच्या अगदी जवळ नाही असा बसवला. जुना काढून टाकला. काकीला ते पटलं नाही. "खाली पाणी उडतला, मांजर खेळात," ती पुटपुटत राहिली. गोव्याला परतलो, पण रोज दिवेलागणीला तिला फोन लावायचो. फोनवर ती "होय रे, होय" म्हणून विषय बदलायची. शेवटी पत्र लिहिलं.

"काकी, तुला नमस्कार.

शेजारणीचा मुलगा फोनवर सांगत होता, तू डिटेक्टर वर सरकवायला पुढच्या आठवड्यात सुतार बोलावला आहेस. तुझ्या पाया पडतो, सुताराला परत पाठव. वर बसवलास तर गॅस तुझ्या कमरेपर्यंत चढेल तरी तो गप्प राहील. पाणी उडतं तर फरशी फडक्याने पूस, मांजराला मी बघून घेईन. डिटेक्टर वाजला की दिवा नको, काडी नको, पंखा नको. दार उघडून सरळ अंगणात ये.

तू मला शिकवलंस म्हणून हे मला कळतं. आणि कळतं म्हणूनच भीती वाटते. सुतार परत गेला की शेजारणीच्या मुलाला मला फोन करायला सांग. तोवर मला जेवण जायचं नाही."