कार्डावर लिहायचं नाय

ताई ऑफिसात शिरल्या की माणसे आधी आपापला प्लग सांभाळत. चालू यंत्र दिसले की त्या खसकन वायर उपटायच्या, पुन्हा लावायच्या आणि ते उठते का ते बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. एकदा माझ्या संगणकाचाही नंबर लागला. सकाळपासून काढलेला वायरिंगचा नकाशा मी सेव्ह केला नव्हता. मी रडकुंडीला आले, तर म्हणाल्या, "माझ्यावर काय चिडती? लाईट काय तुला विचारून जाती व्हय?" पाठीमागे सगळे त्यांना प्लगताई म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि आवडतही असावे.

वाळूजमधल्या त्या छोट्या कारखान्यात आम्ही पाण्याच्या पंपांचे बॉक्स बनवत होतो. दिवस दुष्काळाचे होते. तरी शहराबाहेरच्या माळावर एकामागून एक वसाहती उठत होत्या, आणि त्यांना पाणी कुठून देणार हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. मग टँकर. टँकर खालच्या हौदात रिकामा व्हायचा आणि कोणत्या इमारतीला कधी पाणी चढवायचे ते आमचा बॉक्स ठरवायचा. बॉक्समध्ये तळहाताएवढा बोर्ड, बोर्डात नखाएवढे मेमरी कार्ड आणि कार्डावर ताईंनी बसवलेले लिनक्स, म्हणजे बोर्ड चालवणारी संगणकप्रणाली. वीज आली की बोर्ड कार्ड वाचून जागा होणार आणि पंप सुरू करणार.

ताईंचा एकच धर्म होता. "कार्डावर लिहायचं नाय. फक्त वाचायचं." कार्डावर काही लिहिले जात असताना वीज गेली, तर मजकूर अर्धवट राहतो आणि पुढच्या वेळी बोर्ड उठतच नाही. म्हणून त्यांनी त्या कार्डावर लिहिण्याची बंदीच करून टाकली होती. "लिहिणाऱ्याच्या हाताखालून वही ओढली तर काय व्हतं? तसंच हाय हे," असे त्या नव्या माणसाला समजावत, तेही जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या पुढ्यातला डबा ओढून.

कारखान्याच्या साहेबांना मात्र लिहायचेच होते. कोणत्या इमारतीने किती पाणी घेतले याची तासातासाची नोंद बिल्डरला हवी होती. ताई म्हणाल्या, नोंदीसाठी वेगळे कार्ड लावू, आठवडाभर द्या. "अरे मॅडम, उद्या वसाहतीचं उद्घाटन आहे. थोडं ॲडजस्ट करो ना," साहेब म्हणाले. ताईंनी सरळ नाही म्हटले. साहेबांनी त्यांच्या अपरोक्ष दुसऱ्याकडून कार्डावरची बंदी उठवून घेतली. हे कळले तेव्हा ताईंचा आवाज रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकला असेल. "तुमच्या घरी बोअर हाय. तुमचं काय जातंय!" एवढे बोलून त्यांनी पर्स उचलली आणि लासूर स्टेशनला, आपल्या घरी निघून गेल्या. पुन्हा कामावर आल्या नाहीत.

व्हायचे तेच झाले. भर उन्हाळ्यात वीज गेली, आली आणि बॉक्स उठलाच नाही. खाली हौदात पाणी, वर नळ कोरडे, बॉक्सला आमच्या ऑफिसचे कुलूप. बाया हंडे घेऊन हौदापाशी जमल्या. साहेबांबरोबर मीही गेले होते. बायांच्या तोंडावर साहेब म्हणाले, "आमच्या मॅडमचं काम आहे हे. अर्धवट टाकून पळून गेली." वर ताईंचा फोन नंबर वाटला! चोर तो चोर, वर शिरजोर. इतकी वर्षे झाली, पण हे आठवले की अजून माझे डोके फिरते.

बायांनी फोनवर ताईंना नाही नाही ते ऐकवले. मिळेल त्या गाडीने त्या आल्या. मला वाटले, आता साहेबांची खैर नाही. पण त्यांनी साहेबांकडे बघितलेसुद्धा नाही. "किल्ली आण," मला म्हणाल्या, "आधी पाणी, मग भांडण." पर्समधून आपले, फक्त वाचायचे कार्ड काढून बसवले आणि पंप सुरू झाला. मग सगळ्यांदेखत त्यांनी वायर उपटली. एक म्हातारी किंचाळली, "अगं ए बाई, परत बंद केलं की!" ताईंनी वायर लावली, पंप पुन्हा उठला, आणि तेव्हा कुठे त्या साहेबांकडे वळल्या. "आता सांगा यांना, अर्धवट काम कुणाचं होतं." साहेब घाम पुसत राहिले. बाया तर केव्हाच नळांकडे पळाल्या होत्या.

पुढे वसाहतीने सत्कार केला. साहेबांचा! दुष्काळात घरोघर पाणी पोचवले म्हणून शाल, श्रीफळ आणि वर फेटा. मी उठून ताईंचे नाव घेतले, तर सूत्रसंचालक म्हणाला, "बसा मॅडम, वेळ कमी आहे." समोर टाळ्या वाजवणाऱ्यांत फोनवर शिव्या देणाऱ्या बायाही होत्या. साहेबांपेक्षा त्यांचाच राग मला जास्त आला.

ताई तोवर पुण्याला नोकरीला लागल्या होत्या. मी फोन करून तावातावाने सगळे सांगू लागले. शाल कसली, फेटा कसला. त्यांनी मध्येच तोडले. "ते मरू दे. कार्ड माझंच हाय ना?"

नव्हते. बिल्डरने पुन्हा नोंद मागितली म्हणून साहेबांनी सत्काराच्या आदल्याच दिवशी ते काढून लिहिण्याची बंदी नसलेले कार्ड बसवले होते. मी तसे सांगितले.

"त्या बायांकडं जाऊन ये," ताई म्हणाल्या. "लाईट हाय तवर हंडे भरून ठेवा म्हणावं."