माझ्या आईचा दुसरा नवरा

त्यांचं हसणं मला सहन व्हायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की सगळे त्याच्याबद्दल गोड बोलतात. मी तसं बोलले तर ते खोटं होईल.

ते माझे सावत्र वडील. एस.टी.त कंडक्टर होते. माझे वडील काविळीनं गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या घरात आई आणि मी, दोघीच उरलो. आई अंगणवाडीत मदतनीस होती, बैठकीसाठी वर्ध्याला जायची, आणि त्या गाडीतच तिची त्यांच्याशी ओळख झाली. ते पवनारचे. आजारी आईचं करता करता त्यांचं लग्न राहून गेलं होतं. मी अकरा वर्षांची असताना दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि ते एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याच घरी राहायला आले. वडिलांकडच्या माणसांनी आमच्या घरी येणं सोडलं. माझ्या काकांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "तुह्या बापाच्या खाटेवर आता कंडक्टर झोपते." ते वाक्य मी कित्येक वर्षं जपून ठेवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणला. मी तो त्यांच्या डोळ्यांदेखत सोडला आणि बकरीपुढे ठेवला. आईचा चेहरा उतरला. ते मात्र हसले. म्हणाले, "बकरीनं खाल्ला म्हणजे माल ताजा आहे." या माणसाला अपमान कळतच नाही, असं माझं तेव्हा मत झालं. पुढे बरीच वर्षं मी ते बदललं नाही.

आठवीपासून मी वर्ध्याच्या शाळेत जाऊ लागले. सकाळच्या गाडीवर बहुतेक तेच असायचे. गाडीत त्यांची सारखी बडबड चालायची. म्हाताऱ्यांना हाताला धरून चढवत म्हणायचे, "बसा मालक, विमान सुटून राह्यलं." कोंबडी घेऊन चढलेल्या बाईला म्हणायचे, "हिचं हाफ तिकीट लागन." लोक हसायचे. मी खिडकीबाहेर बघत बसायची. एक दिवस शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं, "हे तुह्ये बाबा होय ना?"

मी म्हणाले, "नाई. मी नाई ओळखत."

ते दोन सीट मागे होते. त्यांनी ऐकलं. तिकिटं फाडत पुढे आले, माझ्यासमोर थांबले आणि परक्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "पास दाखवा, ताई."

मी पास दाखवला. त्या दिवसापासून बारावीपर्यंत हेच चाललं. सकाळी घरात माझ्या डब्याचं झाकण तेच घट्ट लावून द्यायचे आणि अर्ध्या तासानं गाडीत मला पास मागायचे. ते माझी थट्टा करतात, अशी मी आईकडे तक्रार केली.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तूच म्हटलं ना, ओळखत नाई म्हणून? तुही इज्जत राखून राह्यले ते."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच राग जास्त आला.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत फक्त माझ्या गेलेल्या वडिलांचं नाव हवं, असं मी सांगितलं. कन्यादानाला काका बसतील, हेही सांगितलं. आमच्याकडे पाणीसुद्धा न प्यालेले तेच काका. आई दोन दिवस जेवली नाही. त्यांनी पत्रिका पिशवीत भरल्या आणि सायकलवरून गावोगाव वाटून आले. लग्नात ते पंगतीत आलू-वांग्याची भाजी वाढत होते, आणि ज्या पाहुण्यांना ते कोण हे माहीत नव्हतं त्यांनी त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून पाणी मागितलं. त्यांनी पाणी आणून दिलं. मी स्टेजवरून हे सगळं पाहत होते. मी खाली उतरले नाही.

मग मला मुलगी झाली. आम्ही वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत राहत होतो, नवरा आणि मी दोघंही नोकरीवर. ते नुकतेच रिटायर झाले होते. मुलगी शाळेत जाऊ लागली तसे ते रोज आंजीहून गाडीनं यायचे, तिला शाळेतून आणायचे, जेवू घालायचे आणि मी आले की पायात चपला सरकवायचे. मला ही सोय हवी होती, माणूस नको होता. पोरगी त्यांना आबा म्हणायची. ते घोडा व्हायचे, डोक्याला ओढणी बांधून गिऱ्हाईक व्हायचे, तिच्या बाहुलीला तिकीट फाडून द्यायचे. दारातूनच मला दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि माझं डोकं दुखायला लागायचं.

ती तिसरीत असताना शाळेनं कुटुंबाचं झाड काढून आणायला सांगितलं. मी ऑफिसातून आले तेव्हा ती रंग भरत होती आणि ते शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. झाडावर आईच्या बाबांच्या जागी तिनं त्यांचं नाव लिहिलं होतं. मी खोडरबर घेतलं, ते नाव खोडलं आणि माझ्या वडिलांचं लिहिलं. पोरगी रडायला लागली.

"यात रक्ताचं नातं लिहायचं असतं," मी म्हणाले. तिला म्हणाले, पण बघत त्यांच्याकडे होते.

त्यांच्या हातातली शेंग ताटात पडली. ते हसले नाहीत. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं.

"तुले मी बाप नको होतो, नाई झालो," ते म्हणाले. "इतके वर्षं मी काई बोललो? पण ही पोरगी माही नात आहे. तिच्या वहीतून मले खोडाचा तुले काई हक नाई."

"माझ्या घरात मला हक्क शिकवू नका."

"बरं," ते म्हणाले आणि उठले. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

तीन आठवडे ते आले नाहीत. पोरगी माझ्याशी बोलेना. शेजारणीकडे ठेवली तर तिथं जेवेना. शेवटी एका रविवारी मी आंजीला गेले. ते अंगणात कुंपणाच्या तारा ताणत होते. मी माफी मागितली नाही. मी फक्त म्हणाले, "तिला शाळेतून आणायला कोणी नाही."

"वहीचं काय झालं?"

"तिनं तुमचं नाव परत लिहिलं. पेननं."

ते इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या घरातून माणूस डोकावला. ते हसणं मला तेव्हाही आवडलं नाही. सोमवारी ते शाळेच्या फाटकाशी उभे होते.

आई गेली, त्यानंतरही ते आंजीतच राहिले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिऊन अंगणात बसले आणि बसल्या जागीच गेले. पवनारहून त्यांचे पुतणे आले. त्यांना मी या घरात कधी पाहिलं नव्हतं. आल्याबरोबर त्यांनी सगळं हातात घेतलं. थोरल्यानं सांगून टाकलं की अग्नी तो देणार.

"माझी मुलगी देईल," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं. मुद्दाम विचारलं. त्याला माहीत होतं.

अंगणात पन्नासेक माणसं होती आणि सगळी माझ्याकडे पाहत होती. तेव्हा माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, मला खांद्यानं बाजूला सारून पुढे आली. "मी नात आहे त्यांची," ती म्हणाली. "आणि तुम्ही शेवटचे कधी आलते, ते सांगा आधी." पुतण्या बाजूला झाला. अग्नी तिनंच दिला.

दहाव्याला त्यांच्या गाडीतले जुने प्रवासी आले. कोणाच्या आईला त्यांनी दवाखान्यापर्यंत पोचवलं होतं, कोणाची राहिलेली पिशवी घरी नेऊन दिली होती. सगळे सांगत होते, हसत होते, मध्येच डोळे पुसत होते. मला त्या लोकांचा राग आला. इतकं सोपं होतं त्यांना ते. कोणाला त्यांच्याकडून काही घेताना लाज वाटली नव्हती.

सगळे गेल्यावर मुलगी मागच्या दारात बसली होती. तिनं विचारलं, "तू आबांना कधी बाबा म्हटलं?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"काऊन?"

मी काका, पत्रिका, गाडी असं काहीतरी बोलायला लागले. तिनं थोडं ऐकलं. मग उठून आत गेली आणि त्यांचे कपडे घड्या करून पेटीत भरायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, मी करते."

ती आता नागपूरला शिकते. फोनवर अजून तुटकच बोलते. मी तिला तसं बोलू देते.